मागाच्या आवाजातलं बोलणं

मार्च लागला की सोलापुरात सकाळी अकरालाच रस्ते पांढरे दिसायला लागतात. सात रस्ता चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानांपुढं पोरंपोरी नोट्स हातात धरून उभी असतात, एकमेकांना प्रश्न विचारतात, अर्धं उत्तर आलं की दुसऱ्या अर्ध्यासाठी आभाळाकडं बघतात. मी बँकेतून चहाला खाली उतरतो आणि त्यांच्याजवळ विनाकारण जरा जास्त वेळ थांबतो. कडुनिंबाला मोहोर आलेला असतो. त्याचा तो कडसर गोड वास आणि झेरॉक्सच्या मशीनमधून निघालेल्या गरम कागदाचा वास एकत्र आले, की मी अजून मनात पेपरांचे दिवस मोजायला लागतो. परीक्षा संपून तीस वर्षं होत आली, तरी.

घरी धाकटी मुलगी कानात बोळे घालून अभ्यास करते. परवा दार उघडून म्हणाली, "बाबा, टीव्ही बारीक करा ना."

टीव्ही बंद होता. मी फोनवर बोलत होतो.

"शांतता लागते हो मला," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. मी फोन ठेवला आणि त्या बंद दाराकडं बघत बसलो. माझा सगळ्यात चांगला अभ्यास ज्या घरात झाला, तिथं चार यंत्रमाग एकाच वेळी चालायचे.

एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षी परीक्षेआधीची सुटी लागली आणि होस्टेलची मेस बंद झाली. माझं गाव उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. तिथं जाऊन अभ्यास व्हायचा नाही. वडील उसाला पाणी द्यायला उभं करणार हे ठरलेलं. श्रीनिवास म्हणाला, "आमच्यात चल की. झोप येते का बघ, आली तर अभ्यासपण होईल." श्रीनिवास म्हणजे आमचा सीनू. पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, त्याचं घर. पुढच्या अंगाला कारखाना, म्हणजे एका लांबट खोलीत चार माग, आणि मागं दोन खोल्यांत माणसं. वर जायला लाकडी शिडी, तिथं सुताच्या पेट्यांमध्ये आम्हा दोघांपुरती जागा.

पहिल्या दिवशी माझं डोकं फुटायची वेळ आली. सूत घेऊन धावणारा धोटा इकडून तिकडं आपटायचा आणि तो आवाज जमिनीतून, शिडीतून, पुस्तकातून वर चढायचा. मला मोठ्यानं घोकायची सवय; इथं माझा आवाज मलाच ऐकू येईना. आठवडा गेला आणि गंमत अशी झाली, की लाईट जाऊन माग थांबले की मला दचकून जाग यायला लागली.

त्या घरात कुणी ओरडून बोलत नसे. ओरडून उपयोगच नव्हता. सगळे ओठांनी बोलायचे. आवाज न काढता, ओठ जरा जास्त उघडून, सावकाश. कारखान्याच्या या टोकाला सीनूचे वडील, त्या टोकाला त्याची आई, अम्मा, धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत बसलेली, आणि दोघांचं आरामात चाललेलं असायचं: भाजी काय आणू, व्यापारी आला होता का, पाव्हण्याला ताक दे. मला आधी वाटलं, ही माणसं नुसतीच एकमेकांकडं बघून तोंडं हलवतायत. मग हळूहळू दिसायला लागलं. तेलुगूतला पहिला शब्द मी कानांनी ऐकलाच नाही, अम्माच्या ओठांवर पाहिला. "तिन्नावा?" जेवलास का. त्याचा आवाज कसा असतो ते मला कितीतरी दिवसांनी, माग बंद असताना कळलं, आणि तो मला उगीचच परका वाटला. माझ्यासाठी तो शब्द म्हणजे पान खाऊन लालसर झालेले दोन ओठ आणि वर उचललेल्या भुवया, एवढाच होता.

सीनू माझी उजळणी अशीच घ्यायचा. तो मागावर उभा, मी शिडीच्या पायरीवर. तो ओठांनी प्रश्न विचारायचा, मी ओठांनी उत्तर द्यायचो. चुकलं की तो मान हलवायचा आणि हातानं तुटलेला धागा जोडत राहायचा. मुश्ताक संध्याकाळी सायकलवर यायचा. आम्हा तिघांतला तो तिसरा. त्याला आत बसणं सोसायचं नाही. "यां बैठे तो मेरा दिमाग खाली हो जाता बे," म्हणून तो उंबऱ्यावरच उभा राही. पण तिथूनच आमच्या प्राचार्यांचं भाषण आवाज न काढता नुसत्या तोंडानं असं करून दाखवायचा, की अम्मा पदर तोंडात धरून हसायची. तिला प्राचार्य कोण ते माहीतही नव्हतं.

त्या कारखान्यातला एक रिवाज मला फार आवडला होता. सीनूच्या वडिलांना राग लवकर यायचा. ते मागावरून ओठांनी तावातावानं सुरू झाले, की अम्मा थोडा वेळ बघायची आणि मग शांतपणे मान खाली घालून कांडीकडं पाहायला लागायची. बस. भांडण तिथंच संपायचं. बोलणाऱ्याचे ओठ हलायचे, पण ते कुठं पोचायचेच नाहीत. थोड्या वेळानं वडीलही मागाकडं वळायचे.

पाडव्याला, म्हणजे त्यांच्या उगादीला, माग बंद होते. अम्मानं कैरी, गूळ, चिंच आणि निंबाचा मोहोर घातलेली पच्चडी वाटीतून दिली. आमच्यात कडुनिंबाची पानं गुळाबरोबर कशीबशी गिळायची पद्धत. ही तर चमच्यानं खायची होती. मी तोंड वाकडं केलं. अम्मा मोडक्या मराठीत म्हणाली, "सगळा खा. अर्धा सोडला तर अर्धा वर्ष राहतंय."

कॉस्टिंगच्या पेपरला मी अडकलो. सीनू माझ्या तिरका पुढं, दोन रांगा सोडून. त्यानं सहज मागं पाहिलं तेव्हा मी ओठांनी विचारलं. पर्यवेक्षकाला काही कळणं शक्य नव्हतं. इतकी बिनधोक कॉपी जगात दुसरी नसेल. सीनूनं माझे पहिले दोन शब्द पाहिले आणि मान खाली घातली. मग पेपर संपेपर्यंत वर पाहिलं नाही. बाहेर आल्यावर मी त्याच्या अंगावर गेलो. तो हसत म्हणाला, "मी बघितलंच न्हाई, तर तू बोललासच न्हाईस. आमच्या कारखान्यात असंच असतंय." मी पास झालो, तोही झाला. राग संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. पण ते वाक्य राहिलं.

पुढचं सगळ्यांचं होतं तसंच. मी बँकेत लागलो, बदल्या झाल्या. सीनूच्या वडिलांची छाती कामातून गेली आणि तो मागावर उभा राहिला तो तिथंच. मुश्ताकनं एका ट्रकचे तीन ट्रक केले. मी परत सोलापूरला बदलून आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. सात रस्त्यापासून सीनूचं घर मोटारसायकलवर फार तर पंधरा मिनिटं. मी गेलो नाही. याला कारण काय, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. भांडण नव्हतं, काही नव्हतं. एक रविवार गेला, मग दुसऱ्या रविवारी आधीच्या रविवारची लाज वाटली, आणि त्या लाजेवर पुढचे रविवार साचत गेले.

मग मुश्ताकनं व्हॉट्सअ‍ॅपवर जुन्या बॅचचा ग्रुप काढला. मला टाईप करायचा कंटाळा. मी बोलून पाठवायचो, सगळेच पाठवायचे. मुश्ताकचे निरोप तर पाच-पाच मिनिटांचे, मधे हॉर्न आणि शिव्या. सीनू फोटोंना अंगठा दाखवायचा, पाडव्याला दोन शब्द लिहायचा. मी त्याला एकट्याला दोनदा मोठे निरोप बोलून पाठवले: कारखान्यातले दिवस, अम्माची पच्चडी, येतो एकदा. माईकची खूण काही निळी झाली नाही. त्यानं ऐकलेच नव्हते. मला वाटलं, रागावलाय. आणि खरं सांगायचं तर त्याचा राग मला सोयीचा होता. रागावलेल्या माणसाकडं जायला वेळ लागतो, तेवढा वेळ मग आपण घेऊ शकतो.

गेल्या मार्चमध्ये ग्रुपवर सीनूचा लिहिलेला निरोप आला. "अम्मा काल गेली. सगळं आटोपलं."

बँकेत मार्चअखेर होती. मी जिन्यात जाऊन त्याला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. आणि त्या दुसऱ्या वेळी, फोन वाजता वाजता बंद झाला तेव्हा, मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी आजपर्यंत बायकोलाही सांगितलेलं नाही. जिनं मला स्वतःच्या मुलाशेजारी बसवून जेवू घातलं ती गेली होती, आणि मला वाटलं, बरं झालं, आपण केला फोन, त्यानंच उचलला नाही. मी एक निरोप बोलून पाठवला. आवाज जड करून. मग वर जाऊन कामाला लागलो.

डिसेंबरात सगळ्यांनी भेटायचं ठरत होतं. दिवसभर बोललेल्या निरोपांचा नुसता पाऊस. हॉल कुठला, जेवण काय, कोण येणार. एका संध्याकाळी सीनू ग्रुपमधून निघून गेला. काही न लिहिता. मी लगेच बोललो, "जाऊ द्या. त्याला आपली गरज राहिली नाही." चार जणांनी मान डोलावणारी चित्रं टाकली.

आमचं स्नेहसंमेलन झालं. छान झालं. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

यंदाच्या मार्चात मुश्ताक एका दुपारी अचानक बँकेखाली येऊन उभा राहिला. एमआयडीसीत टॉवेलचा माल भरायला गेला होता. तिथल्या एका कारखानदारानं सूत पोचवायला त्याला पूर्व भागात धाडलं, आणि दार उघडलं ते सीनूनं. मुश्ताकनं चहाचा कप घेतला आणि न पिताच खाली ठेवला. 

"काय बे? काय म्हणाला?"

"अबे दत्ता," तो म्हणाला, "उसको सुनाई नै देता बे."

मला आधी कळलंच नाही.

"कान गेले त्याचे. पूर्ण. कधीचेच. आणि आपण साले त्याला बोलून बोलून पाठवतोय."

शेजारी एक पोरगा मैत्रिणीला व्याख्या म्हणून दाखवत होता. मला त्याचा प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू येत होता.

रविवारी आम्ही दोघं गेलो. चारांतले दोन माग भंगारात गेले होते, त्या जागी एक स्कूटर आणि पाण्याची टाकी. उरलेल्या दोनांवर टॉवेल निघत होते. सीनूचे केस पांढरे झालेत, भुवयांवर कापसाचे तंतू. त्यानं मला पाहिलं, माग बंद केले, आणि एवढ्या मोठ्यानं "काय बे!" म्हणाला की बाहेरची पोरं वाकून बघायला लागली. त्याच्या बायकोनं आतून हातानं खूण केली, जरा हळू. त्यानं आवाज खाली आणला. आपला आवाज केवढा आहे ते तो आता तिच्या हातावरून ठरवतो.

मीही ओरडायला लागलो. कसा आहेस, सांगितलं का नाहीस.

"वरडू नको," तो म्हणाला. "मी कानानं ऐकत न्हाई, तोंड बघतोय."

"सांगितलं का नाहीस पण?"

"कुणाला सांगू? तुम्ही सगळे बोलत होता." तो हसला. खरंच हसला, त्यात टोमणा नव्हता, हे जास्त लागलं. कानाचं मशीन घेतलं होतं म्हणाला. ते लावलं की माग मोठा ऐकू येतो, माणूस येत नाही. कपाटात ठेवलंय.

मुश्ताकशी त्याचं झकास जमलं. मुश्ताकचा चेहरा गुळगुळीत, तोंड सगळं उघडं. मी बोलायला लागलो की तो पुढं वाकायचा, डोळे बारीक करायचा, "परत सांग" म्हणायचा. शेवटी वैतागून म्हणाला, "मिशा काढ बे. सगळे शब्द तिथंच अडकतेत." मुश्ताक खो-खो हसला. माझ्या मिशा दाट आहेत, ओठावर उतरलेल्या. नोकरीला लागल्यापासून आहेत.

भिंतीवर अम्माचा फोटो होता. मी त्याच्याकडं बघतोय हे सीनूनं पाहिलं.

"शेवटी शेवटी रोज विचारायची," तो म्हणाला. "दत्ता कुटं असतो रे. मी सांगायचो, बदली झाली त्याची. लांब, नागपूरकडं. यायला लई वेळ लागतो."

मी बोललो असतो तरी ते मिशांत अडकलं असतं.

"मग ती म्हणायची, तिकडं त्याला जेवायला कोण वाढतं?"

येताना मुश्ताकच्या गाडीत मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत होती. कॉलेजात मी बोलायला लागलो की सीनू टक लावून माझ्या तोंडाकडं बघायचा. इतकं मन लावून मला आजवर कुणी ऐकलं नाही, असं मी मानत आलोय. बायकोला, मुलींनाही सांगत आलोय. वर्गात तो कायम पहिल्या बाकावर. आम्ही चिडवायचो. आता वाटतं, तेव्हाच त्याला कमी ऐकू येत असेल का? ते बघणं माझ्यासाठी होतं, की त्याला दुसरा इलाज नव्हता? हे त्याला विचारायचं धाडस मला होणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरशासमोर उभा राहिलो आणि मिशी काढली. मला त्याच्याशी बोलायचं होतं, आणि काहीही अडकायला नको होतं. एवढंच डोक्यात होतं. बाहेर आलो तर बायकोनं हातातली चहाची कपबशी खाली ठेवली. "अहो! गावाकडून फोन आला का काय?" आमच्याकडं बाप्यानं मिशी काढायची ती आई-बाप गेल्यावर. माझे दोघंही जाऊन मिशी परत वाढलेली. बँकेत शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे दबक्या आवाजात विचारत होते, कोण गेलं साहेब? कुणी नाही, असं दुपारपर्यंत म्हणत राहिलो. मग म्हणवेना.

संध्याकाळी एकटाच गेलो. सीनू मागावर होता. दोन्ही माग चालू. त्यानं मान वर केली आणि त्याचा हात आपोआप स्वतःच्या ओठावर गेला. चेहरा पडला त्याचा. स्वतःच्याच आवाजाच्या भानगडीत न पडता, जुन्या पद्धतीनं, त्यानं नुसत्या ओठांनी विचारलं, कोण गेलं?

मी म्हणालो, "अम्मा."

ओठ घट्ट मिटून उघडावे लागणारा शब्द. हा तर कुणालाही वाचता येईल. तो माझ्याकडं बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले की ते कापसाचे तंतू होते, मला नक्की सांगता येणार नाही. मी पुढं गेलो, त्याच्या समोर उभा राहिलो, आणि आवाज न काढता, ओठ जरा जास्त उघडून, सावकाश बोलायला लागलो. तीस वर्षांनी. मला अजून येत होतं. म्हणालो, सीनू, मी इथंच होतो. नागपूरला नव्हतो. तो बघत होता. म्हणालो, ती गेली तेव्हा मी दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस, आणि मला…

एका मागावर धागा तुटला. त्यानं मागाची मूठ ओढून तो थांबवला आणि खाली वाकला. दुसरा चालूच होता. मी थांबलो नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, म्हणालो. बरं वाटलं मला, सीनू. त्याच्या पांढऱ्या डोक्याकडं बघत मी सगळं बोललो, ग्रुपवर त्याच्याबद्दल काय म्हणालो तेही, साचलेले सगळे रविवारही. मध्ये कधीतरी माझा आवाजही फुटला असावा. मागानं तो खाऊन टाकला.

विणकराला तुटलेला धागा जोडायला किती वेळ लागतो ते मी त्या घरात एक उन्हाळाभर पाहिलंय. डोळ्याचं पातं लवावं तेवढा. गाठ कधीच मारून झाली होती. मला दिसत होती. सीनू मान खाली घालून तिच्याकडंच बघत राहिला.